चार वायनरी, सोळा जण आणि एक माळकरी

ताई, स. न. वि. वि.

आमची दहावीची बॅच येत्या फेब्रुवारीत पंचवीस वर्षांनी भेटते आहे. सोळा जण. नऊ नाशिकचे, चार पुण्याचे, दोघं मुंबईचे, एक मैत्रीण सुरतेहून येणार. कुणीतरी ग्रुपवर ‘वाइन टूर करू या’ टाकलं आणि सोळा जणांचे सत्तावीस अंगठे आले. मी नाशिकचा, म्हणून आयोजक मी. पुण्याच्या मित्राने एक्सेल शीट पाठवलंय : सकाळी दहा ते संध्याकाळी सात, चार वायनरी. पुणेकर आपल्या गाडीने सकाळी येऊन रात्री परत जाणार म्हणतात. तिघं जण अजिबात पीत नाहीत. त्यांतला एक नाशिकजवळच्या मातोरीचा, घरची द्राक्षबाग आहे, गळ्यात माळ आहे. तो म्हणाला, “तुम्ही फिरून या, मी रात्री जेवायला येतो.” शाळेत माझ्या शेजारी बसायचा तो. खर्च सारखा वाटायचा का, यावरून कुरबूर सुरू आहेच. एकीने बजावलंय, फोटो टाकणार असाल तर मी नाही. आणि खरं सांगतो, नाशिकचा असून मी सुला वायनरीच्या पुढे कधी गेलेलो नाही. दिवस कसा आखू?

गोंधळलेला आयोजक, इंदिरानगर

नमस्कार आयोजक,

पुण्याच्या मित्राचं शीट आधी बाजूला ठेवा. वेळा त्याने नीट मांडल्या असतील, पुणेकर आहे, पण त्याची चूक मापात आहे. टेस्टिंगला साधारण 30 मिलीचा एक, असे पाच-सहा प्रकार ग्लासात येतात. सहा धरा : एका ठिकाणी 180 मिली. चार ठिकाणी 720. वाइनची बाटली असते 750 मिलीची. म्हणजे ‘नुसतं चाखायचं’ म्हणत म्हणत माणशी जवळजवळ एक बाटली पोटात. वाइनमध्ये अल्कोहोल साडेबारा टक्क्यांच्या आसपास धरलं, तर हे व्हिस्कीचे साडेतीन लार्ज होतात. शीटमध्ये ‘टेस्टिंग’ हा शब्द खोडून तिथे ‘माणशी साडेतीन लार्ज, भर उन्हात’ असं लिहा आणि परत ग्रुपवर टाका. मग बघा अंगठे किती येतात.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या भिशीच्या अकरा जणींना मीच नेलं होतं, चार ठिकाणी, फेब्रुवारीतल्या एका रविवारी. हौस म्हणून एक छोटी वही घेतली होती. ती अजून आहे माझ्याकडे. पहिल्या ठिकाणी मी सुवाच्य अक्षरात लिहिलंय : ‘सोव्हिन्यो ब्लां. पिकलेल्या पेरूचा वास, मागून ढोबळी मिरची.’ दुसऱ्या ठिकाणी : ‘बरी आहे. आंबट.’ तिसऱ्या ठिकाणी आत शिरायलाच सव्वा तास उभं राहिलो, आणि त्यानंतर वहीत फक्त ‘छान छान’ आहे, दोनदा. चौथ्या ठिकाणच्या पानावर अक्षर नाही, एक लाल गोल डाग आहे. तिथूनच मी एक बाटली मोठ्या उत्साहाने विकत आणली. पुढच्या महिन्यात उघडली तेव्हा कुणालाच आवडली नाही. वही चाळली तर त्याच जातीची वाइन आम्ही पहिल्या ठिकाणी चाखून पुढे ‘नको’ लिहिलेलं होतं. आणि ज्या काकांनी गाडी चालवली त्यांना दुपारी जेवायला विचारायचं अकरापैकी एकीलाही सुचलं नाही, ते मला अजून खातं.

तर दोन ठिकाणं. तिसरं नाही. ‘एवढ्या लांबून आलोय’ हे कुणी म्हणेल, त्याला सांगा, म्हणूनच दोन.

आता कुठली दोन, हे ठरवायला नाशिकचा नकाशा मनात हवा. आपल्याकडच्या वायनऱ्या एका रांगेत नाहीत. पश्चिमेला गंगापूर धरणाच्या बाजूला सुला, यॉर्क, सोमा. इगतपुरी तालुक्यात सांजेगावच्या अंगाला ग्रोव्हर झांपा आणि व्हॅलोने. उत्तरेला दिंडोरीत शाँदाँ, ती मुख्यतः फसफसणाऱ्या वाइनची. आणि पूर्वेला निफाड तालुक्यात विंचूरचा वाइन पार्क. एका दिवशी एकच दिशा धरायची. तुमच्या मित्राच्या शीटमध्ये दिंडोरी आणि सांजेगाव एकाच दिवसात असेल, याची मला जवळजवळ खात्री आहे. तो दिवस टेम्पो ट्रॅव्हलरच्या खिडकीतून द्वारका चौकातली कोंडी बघण्यात जाईल.

तुम्ही गंगापूरची दिशा धरा. सुला तुम्ही पाहिलेली आहे, पण बाहेरगावच्यांनी पाहिली नसेल. तिची पहिली वाइन 2000 साली आली, टेस्टिंग रूम 2005 मध्ये उघडली, आणि आज आपण ज्याला वाइन टूर म्हणतो त्याची सवय नाशिकला तिथूनच लागली. मोठ्या टाक्या, पिंपं, बाटल्या भरायची लाइन, हे सगळं समजावून सांगणारी फेरी तिथे नीट होते. दुसरं ठिकाण मात्र लहान आणि शांत निवडा, जिथे सोळा जणांना बसून बोलता येईल. यॉर्क किंवा सोमा, दोन्ही पुढे गंगावऱ्ह्याच्या बाजूला आहेत. यॉर्क 2021 मध्ये सुलाने विकत घेतली, त्यामुळे ‘दोन वेगळ्या घरच्या वाइन चाखल्या’ असं सांगायची हौस असेल तर सोमा घ्या. धरणाचं पाणी बघत जेवायचं असेल तर यॉर्क. फोन दोन्हीकडे करा, आणि सोळा हा आकडा पहिल्या वाक्यात सांगा. काउंटरसमोर सोळा जण उभे केले तर मागच्या आठांना पुढच्यांच्या पाठी दिसतात आणि सांगणाऱ्याचा आवाज पोचत नाही. आठ-आठचे दोन गट मागून घ्या.

पण पहिलं ठिकाण यांतलं कुठलंच नाही. पहिलं ठिकाण मातोरी.

तुमच्या पत्रात तुम्ही त्या मित्राला न पिणाऱ्यांच्या यादीत टाकून दिलंय. अहो, सोळा जणांत द्राक्षातलं कळणारा माणूस तो एकटा आहे. बाकीचे पंधरा जण ग्लास फिरवून ‘फ्रूटी आहे’ म्हणणार. तो रात्री जेवायला येतो म्हणतो, कारण दिवसभर हातात लिंबू सरबत घेऊन कोपऱ्यात उभं राहणं आणि दर अर्ध्या तासाने कुणीतरी ‘अरे एक घोट, काय होतंय’ म्हणणं, हे त्याला आत्ताच दिसतंय. त्याचं चुकलेलं नाही. न पिणाऱ्याला ‘ये ना, तुझ्यासाठी ज्यूस सांगू’ असं म्हणणं म्हणजे लग्नाला बोलावून वाढपी करण्यासारखं आहे. त्याला काहीतरी खरं काम हवं, आणि ते त्याच्याकडे आहे.

सकाळी साडेनऊला सगळे त्याच्या बागेत. तासभर. पण हे त्याच्याशी नीट बोलून ठरवा. फेब्रुवारी म्हणजे खुडे, म्हणजे घडांची तोडणी, चालू असतात, दारात व्यापारी असतो, मजूर असतात, त्या दिवशी सोळा पाहुणे परवडतील का हे तोच सांगेल. फवारणीच्या दिवशी जायचं नाही. आणि सगळ्यांना आधी बजावा, घडाला हात लावायचा नाही. मण्यावर जी पांढुरकी पावडर असते ती बोट लागलं की जाते, आणि मग तो घड बाजारात हाताळलेला दिसतो. सेल्फीसाठी घड हातात घेणारा एकतरी मित्र प्रत्येक बॅचमध्ये असतोच.

तिथे त्याला एकच विचारा : तू वर्षभर काय करतोस? पुढचा तास तो सांभाळेल. एप्रिलची खरड छाटणी, मग सप्टेंबर-ऑक्टोबरची फळछाटणी. युरोपातला वेल थंडीत झोपतो, वसंतात उठतो, वर्षाला एक पीक देतो. आपल्या हवेत वेल झोपतच नाही, म्हणून शेतकरी त्याला वर्षातून दोनदा कापतो आणि पीक एकच घेतो. म्हणून तर फ्रान्समध्ये ज्या महिन्यांत वेल नुसत्या काड्या होऊन उभा असतो, त्या जानेवारी ते मार्चमध्ये आपल्याकडे वाइनच्या द्राक्षांची तोडणी चालते. हे एकदा कानावर पडलं की दुपारी टेस्टिंग रूममध्ये कुणी ‘हार्वेस्ट सीझन’ म्हटलं तर तुमच्या लोकांच्या डोळ्यांसमोर काहीतरी असेल.

आणि मग दुपारी त्याला सुलाच्या वेलींपाशी उभा करा, तोडणी झालेली नसेल तर. त्याचा चेहरा बघण्यासारखा होईल. खायच्या द्राक्षाचा मणी लांब, टपोरा व्हावा म्हणून हा माणूस विरळणी करतो, घड जीएच्या, म्हणजे वाढीच्या संजीवकाच्या, द्रावणात बुडवतो, रात्री झोपत नाही. आणि वाइनच्या शिराझ जातीचा मणी बघावा तर चिमुकला, काळा, जाड सालीचा, आत बिया. त्याच्या मार्केटमध्ये तो कुणी फुकट उचलणार नाही. पण वाइनवाल्याला तोच हवा असतो, कारण रंग आणि वास बहुतेक सालीत असतो. मणी लहान म्हणजे रसाच्या मानाने साल जास्त. रेड वाइनचा लाल रंग रसातून येत नाही, साल रसात भिजत ठेवल्याने येतो. व्हाइटला आधी पिळून साल बाजूला करतात. ब्रिक्स, म्हणजे रसातल्या साखरेचं माप, हा शब्द तुमच्या मित्राला पाठ आहे, रिफ्रॅक्टोमीटरवर थेंब टाकून तो रोज बघतो. टेबल ग्रेपला सोळा-अठरा ब्रिक्सला गोडी आली म्हणतात, वाइनला वीसच्या पुढे, बावीस-चोवीसपर्यंत थांबतात, कारण तीच साखर यीस्ट खाणार आणि तिचंच अल्कोहोल होणार. टूर घेणाऱ्या पोराला तुमचा माळकरी असे दोन प्रश्न विचारेल की ते पोरगं त्याच्याच बाजूला उभं राहून बोलेल. हे मी घडताना पाहिलंय. आमच्या दिंडोरीच्या एका नातेवाइकांनी, तेही थेंब न घेणारे, एका वायनरीत ‘तुमच्याकडे डाऊनी कसा आवरता?’ एवढंच विचारलं होतं, डाऊनी म्हणजे द्राक्षावरचा बुरशीचा रोग. बाकीचे सगळे ग्लास विसरून ऐकत राहिले.

एक गोष्ट मात्र तुम्ही आयोजक म्हणून करायची. त्याला कुणी आग्रह करायचा नाही, हे तो नसताना, इतर चौदा जणांना, एकदाच, स्पष्ट सांगायचं. थट्टेतही नाही. उरलेल्या दोघांनाही तोच नियम, त्यांचं कारण विचारत बसू नका. गोळ्या चालू असतील, नको वाटत असेल, काहीही असेल.

टेस्टिंगबद्दल थोडं. ग्लास दांड्याने धरा, गोल भागाला हात लावला की वाइन गरम होते. एवढी एकच रीत पाळा, बाकी कुणी शिकवायला लागलं तर हसून मान डोलवा. चव सांगायला इंग्रजी शब्द शोधायची गरज नाही. रेड वाइन प्यायल्यावर जीभ ओढल्यासारखी होते ना, त्याला आपल्याकडे तुरट म्हणतात, आणि ते जांभूळ खाल्लेल्या प्रत्येक मराठी माणसाला ठाऊक आहे. शेनाँ ब्लां या व्हाइटमध्ये मध आणि अननस सापडेल. शिराझमध्ये मिरी. सगळं गिळायलाच हवं असं नाही. काउंटरवर ओतून टाकायला भांडं असतं, तोंडातली वाइन त्यात टाकली तर कुणी वेडं समजत नाही. पिकदाणी आपल्या आजोबांच्या बैठकीत होती, मग इथे कसला संकोच? त्या दिवशी अत्तर, डिओ, सेंट काही नको, आणि वाटेत पान खाऊ नका. सगळ्यांचं नाक बिघडतं, ज्याने लावलं त्याचं एकट्याचं नाही.

आणि मिसळ. तुम्हाला मनातून सकाळी मिसळ खाऊनच निघायचंय, मला माहीत आहे. बाहेरगावचे मित्र, गंगापूर रोड, हिरवळ, पापड, शेवटी तर्री वाढून मागणं, हे सगळं डोक्यात आलेलं असणार. करू नका. तिखटाने जीभ पेटलेली असताना वाइनमधलं अल्कोहोल आणखी जाळतं, तुरटपणा कडू लागतो, आणि बिचारी चांगली वाइन नाहक नापास होते. सकाळी पोहे, उपमा, इडली, काहीही भरपेट खा. उपाशीपोटी तर मुळीच जायचं नाही. मिसळ दुसऱ्या दिवशी सकाळी. त्या सकाळी तिची खरी गरजही असेल काही जणांना.

दुपारचं जेवण दोन ठिकाणांच्या मध्ये हवं, शेवटी नाही. पहिलं टेस्टिंग साडेअकराला, दीड वाजता जेवण, ते निवांत दोन तास चालू दे. पंचवीस वर्षांनी भेटताय, बोलायचं तिथेच आहे. कोण वर्गात रडलं होतं, गणिताच्या सरांनी कुणाला डस्टर मारलं होतं. दुसरं टेस्टिंग चारच्या पुढे. साडेपाचला निघा. पाणी प्रत्येक घोटामागे, आणि गाडीत एक खोका जास्तीचा.

गाडीचं. सोळा जणांना 17 सीटचा टेम्पो ट्रॅव्हलर पुरतो. स्वतःच्या गाड्या एकानेही आणायच्या नाहीत. ‘मी फक्त दोनच घोट घेतले’ हे वाक्य रक्ताला कळत नाही. कायद्याने 100 मिली रक्तात 30 मिलीग्रॅम ही मर्यादा आहे, आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर पहिल्याच गुन्ह्याला 10,000 रुपयांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. वाइन म्हणजे दारू की नाही, यावर 2022 च्या जानेवारीत, सुपरमार्केटात वाइन विकायचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला तेव्हा, अख्ख्या महाराष्ट्राने वाद घातला. पोलिसाच्या हातातल्या मशीनने त्या वादात भाग घेतला नव्हता. न पिणाऱ्या तिघांपैकी एकाच्या हातात चावी देण्याची कल्पना ग्रुपवर येईल, आलीच असेल. तीही नको. तो मित्र म्हणून येतोय.

ड्रायव्हरचं जेवण तुमच्या जेवणाच्या वेळीच आणि तुमच्याच खर्चात. हे आधी बोलून घ्या, नाहीतर सगळे ‘दुसऱ्याने विचारलं असेल’ समजतात. मी समजले होते.

पुणेकरांना नम्रपणे सांगा की सकाळी येऊन रात्री परत जाणं जमणार नाही. सिन्नर, संगमनेर, नारायणगाव करत दोनशेच्या वर किलोमीटर, तेही दिवसभर वाइन चाखून, रात्री? आदल्या रात्री यायचं, दुसऱ्या दिवशी मिसळ खाऊन जायचं. नऊ नाशिककरांच्या घरी चार पुणेकर मावतील की. मुंबईच्या दोघांना रेल्वेने बोलवा. सीएसएमटीहून शिर्डीला जाणारी वंदे भारत सकाळी नऊच्या सुमारास नाशिकरोडला सोडते आणि संध्याकाळी साडेसातच्या आसपास तिथूनच परत नेते. मंगळवारी ती नसते. आणि त्यांनी हौसेने ‘पंचवटीने येतो’ म्हटलं तर समजावून सांगा, पंचवटी आपली आहे, सकाळी ती आपल्याला मुंबईला नेते, त्यांना इकडे आणत नाही. वंदे भारतने आलेले दोघं साडेनऊला मातोरीत पोचणार नाहीत, नाशिकरोड म्हणजे शहराचं दुसरं टोक. त्यांच्यासाठी बागेची वेळ दहाची करा किंवा त्यांनाही आदल्या रात्री बोलवा. मी असते तर बोलावलंच असतं.

तारीख तुम्ही कळवलेली नाही. ग्रुपवर कुणी ‘त्यापेक्षा 26 जानेवारीला जोडून घेऊ’ म्हणालं तर तिथेच थांबवा, तो ड्राय डे आहे. निवडणूक असेल तर मतदानाआधीच्या दिवसांतही विक्री बंद असते, तेवढं बघून घ्या. फेब्रुवारीतला रविवार टाळा. सुट्ट्या जमत असतील तर आठवड्यातला मधला दिवस सोन्यासारखा, नसतील तर शनिवार, पण सकाळचं पहिलं टेस्टिंग मिळवून. मुलांना आणू का असं कुणी विचारलंच तर नको म्हणा. महाराष्ट्रात वाइनसाठी वयाची अट 21 आहे, आणि दहा-बारा वर्षांची मुलं दुसऱ्या वायनरीत ‘घरी कधी जायचं’ सुरू करतात.

खर्चाची कुरबूर अवघड नाही, फक्त हिशेब दोन करा. गाडी, ड्रायव्हर, जेवण, पाणी हे सोळा जणांत सारखं. टेस्टिंगचे पैसे जो घेईल त्याचे, बाटल्या ज्याच्या त्याच्या. माळकऱ्याच्या डोक्यावर शिराझचा सोळावा हिस्सा टाकायचा नाही. सामायिक रक्कम आठ दिवस आधी यूपीआयवर गोळा करा. त्या दिवशी संध्याकाळी हिशेब मांडायला बसलात तर चौथीच्या वर्गाची बेरीज चुकेल. आणि पैसे तुम्ही सांभाळू नका, तुमच्याकडे आधीच खूप आहे. ते काम एक्सेलवाल्या मित्राला द्या. मनापासून करेल, आणि वायनऱ्या वाढवायला त्याला वेळ उरणार नाही.

फोटोंचं त्या मैत्रिणीने सांगितलं ते बरं केलं. घरी काय सांगितलंय, सासरी कोण काय बघतं, हे तिचं तिला माहीत. ग्लास दिसेल असा एकही फोटो कुणी कुठेही टाकायचा नाही, ग्रुपवरसुद्धा नाही. ग्रुपवरचं पुढे जातंच. एक मोठा फोटो मातोरीच्या मांडवाखाली काढा, सोळाही जणांचा. तो सगळ्यांना कुठेही लावता येईल.

सुरतेच्या मैत्रिणीला मात्र एक वेगळा फोन करा. गुजरातेत राज्य झाल्यापासून, 1960 पासून दारूबंदी आहे. इथून बाटली घेऊन ती सीमा ओलांडायला गेली तर तपासणीत अडकेल, आणि भेट म्हणून कुणी प्रेमाने तिच्या बॅगेत घातली तरी अडकणार तीच. तिला बेदाणे द्या, चिवडा द्या. बाकीच्यांनी घेतलेल्या बाटल्याही बंद गाडीत उन्हात ठेवायच्या नाहीत. फेब्रुवारीची दुपार आपल्याला सुखाची वाटते, पण बंद गाडीत वाइन शिजते. शेवटच्या ठिकाणीच विकत घ्या, आणि तिथलं काय आवडलं ते आधी वहीत लिहून, मगच घ्या.

ग्रुपवर काय टाकायचं ते लिहून देते, हवं तर जसंच्या तसं वापरा :

‘मंडळी, ठरलं. सगळ्यांनी आदल्या रात्री नाशकात. सकाळी साडेनऊ मातोरी, द्राक्षबाग. साडेअकरा पहिली वायनरी, दीडला जेवण, चारला दुसरी, साडेपाचला परत. दोनच, तिसरी नाही, का ते फोनवर सांगतो. स्वतःच्या गाड्या नाहीत. सेंट नाही. ग्लासचे फोटो नाहीत. मिसळ दुसऱ्या दिवशी. गाडी-जेवणाचे पैसे पुण्याला पाठवा.’

पण हे टाकण्याआधी मातोरीला जाऊन या. फोन नको, गाडी काढा, इंदिरानगरहून काही फार लांब नाही. संध्याकाळी पाचनंतर जा, तेव्हा तो बागेतून घरी आलेला असेल. ‘तू येणार का’ असं विचारू नका. ‘आमच्या पंधरा जणांना द्राक्षातलं काही कळत नाही, तासभर देशील का’ असं विचारा, आणि तो देईल तो दिवस घ्या.

तुमची,
ताई